तिथीची पाऊणपट आणि संगणकाच्या वाटा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



मालवणच्या किनाऱ्यावर एखाद्या जुन्या जाणत्या मच्छीमाराला 'आज भरती किती वाजता?' असं विचारलंत, तर तो घड्याळाकडे बघत नाही. तो उलट विचारतो, 'आज तिथी खंयची?' चतुर्थी म्हटलंत की लगेच उत्तर येतं, तीन वाजता. अष्टमी म्हटलंत तर सहा. हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करायची. चाराची पाऊणपट तीन, आठाची सहा, बाराची नऊ. प्रतिपदेला एकाची पाऊणपट, म्हणजे पाऊण वाजता. भरती दिवसातून दोनदा येते, साधारण साडेबारा तासांच्या अंतरानं. त्यामुळे हीच वेळ थोड्या फरकानं दिवसाचीही आणि रात्रीचीही. कागद नको, पेन्सिल नको. तिथी तेवढी ठाऊक हवी, आणि ती भिंतीवरच्या दिनदर्शिकेत असतेच. १९७३ साली 'कालनिर्णय' सुरू करणारे जयंतराव साळगावकर मूळचे आमच्या मालवणचेच, हे जाता जाता सांगायला मला आवडतं.

आज मी बोलणार आहे ते मात्र समुद्राबद्दल नाही, संगणकाच्या प्रोग्रामबद्दल. पण हा पाऊणपटीचा ठोकताळा आपण सोबत ठेवू या. तो संगणकाला शिकवायला बसलं की प्रोग्रामिंगमधला पहिला मोठा धडा आपोआप समोर येतो. प्रोग्राम कुठे वळतो, किती वेळा फिरतो, काम कोणाच्या हाती सोपवतो आणि परत कुठे येतो, हा तो धडा. पुस्तकांत त्याला कंट्रोल फ्लो म्हणतात. आपण त्याला प्रोग्रामची वाट म्हणू.

हा विषय मी का निवडला, ते आधी सांगतो. २००१ साली महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनची स्थापना झाली आणि पुढच्या काही वर्षांत एमएससीआयटीचे वर्ग तालुक्यातालुक्यात, अगदी बाजारपेठेतल्या माडीवरही उघडले. संगणक वापरायचा कसा, हे आपल्या मुलांना त्यामुळे समजलं. पण संगणकाला काम सांगायचं कसं, हा प्रश्न निराळा आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला मुलगा किंवा मुलगी संगणकाच्या वर्गात जाते, पहिल्याच महिन्यात इफ, एल्स, व्हाइल, फॉर हे शब्द फळ्यावर येतात, आणि पुष्कळ मुलं ते पाठ करायला लागतात. पाठ केलेलं परीक्षेत उतरतं, स्वतःचा प्रोग्राम लिहिताना उतरत नाही. मग 'हे आपलं काम नव्हे' असं ठरवून ती मोकळी होतात. माझं म्हणणं असं की, या चार शब्दांमागचा विचार या मुलांच्या घरात आधीपासून आहे. तो इंग्रजीत नाही, एवढंच.

उदाहरणासाठी मी जावा ही भाषा घेतो. सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकी कंपनीत जेम्स गॉसलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती घडवली आणि १९९५ साली ती लोकांपुढे आली. जावाची एक गोष्ट फार थोड्या ठिकाणी सांगितली जाते. या भाषेतले इफ, एल्ससारखे ठरलेले शब्द इंग्रजीच राहतात. पण आपण ज्यांना नावं द्यायची, ती नावं देवनागरीत देता येतात. 'तिथी', 'भरती', 'बंदर' अशी नावं जावा बिनतक्रार स्वीकारते. कारण पहिल्यापासूनच तिने युनिकोड ही जगातल्या सगळ्या लिप्यांना सामावणारी पद्धत धरली आहे. नोकरीच्या ठिकाणी इंग्रजी नावंच लिहावी लागतील, हे खरं. पण शिकण्याच्या वयात एवढा अडसर तरी दूर करता येतो, आणि तो का करू नये हे मला कळत नाही.

आता वाटेकडे येऊ. सगळ्यात साधी वाट सरळ असते. एकामागून एक सूचना, वरून खाली. रापणीचं उदाहरण घ्या. होडीतून जाळं अर्धवर्तुळात सोडत न्यायचं, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणायचे, मग दोन बाजूंनी माणसांनी ओढायचं. हा क्रम बदलला तर मासळी मिळणार नाही. यात शिकण्यासारखं फार काही नाही, एवढंच लक्षात ठेवायचं की संगणक क्रम स्वतःहून सुधारत नाही. आधी ओढायला सांगितलं तर तो आधी ओढेल, जाळं पाण्यात नसलं तरी.

दुसरी वाट फाट्याची. इथे मात्र थोडं थांबू या.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास समुद्राला उधाण येतं आणि अष्टमीच्या आसपास पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही. त्याला भांगाची भरती म्हणतात. हे संगणकाला सांगायचं तर असं सांगावं लागेल: तिथी पंधरा असेल किंवा तीनपर्यंतची असेल, तर 'उधाण' म्हण. नाहीतर, तिथी सात ते दहा असेल, तर 'भांग' म्हण. नाहीतर, 'मधला दिवस' म्हण. जावात 'तर'च्या जागी इफ येतो आणि 'नाहीतर'च्या जागी एल्स. बाकी वाक्य तेच.

संगणक वरून पहिली अट तपासतो. ती खरी ठरली की तिचं काम करतो आणि खालच्या अटींकडे ढुंकूनही पाहत नाही. म्हणून अटींचा क्रम महत्त्वाचा. समजा एखाद्यानं पहिलीच अट लिहिली, 'तिथी अकरापेक्षा लहान असेल तर मधला दिवस म्हण.' मग अष्टमी आली तरी उत्तर 'मधला दिवस', आणि भांगाची ओळ बिचारी कधीच वाचली जाणार नाही. प्रोग्राम चालेल, कुठलीही तक्रार येणार नाही, फक्त उत्तर चुकीचं असेल. प्रोग्राम बंद पडला तर निदान कळतं. अशी मुकी चूक फार दिवस लपून राहते.

अटी जोडणाऱ्या 'आणि', 'किंवा' या दोन शब्दांचंही असंच आहे. बोलताना आपण ते सैल वापरतो. मासेमारीचा हंगाम केव्हा उघडतो, हे पाहा. गेली काही वर्षं पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची पावसाळी बंदी असते. आणि किनाऱ्यावरची जुनी रीत अशी की नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करावा आणि मग होड्या लोटाव्यात. आता नियम लिहा: बंदी संपली असेल 'आणि' नारळ वाहिला असेल, तर होडी लोट. की बंदी संपली असेल 'किंवा' नारळ वाहिला असेल? २०२३ साली अधिक श्रावण आला आणि नारळी पौर्णिमा ३० ऑगस्टला पडली. 'आणि' लिहिणाऱ्याची होडी जवळजवळ महिनाभर जास्त वाळूवर राहिली असती. 'किंवा' लिहिणाऱ्याची १ ऑगस्टलाच पाण्यात. एका शब्दावर एका महिन्याची कमाई. माणसं हे आपापसांत बोलून, आभाळाकडे बघून ठरवतात. संगणकाला जे लिहून दिलं असेल तेवढंच.

फाट्याचा आणखी एक प्रकार आहे, स्विच नावाचा. एका आकड्यावरून पुष्कळ वाटांपैकी एक निवडायची असेल तेव्हा तो सोयीचा. एक असेल तर प्रतिपदा, दोन असेल तर द्वितीया, अशी यादी. त्यात जुन्या पद्धतीनं लिहिताना प्रत्येक वाटेच्या शेवटी 'ब्रेक', म्हणजे इथे बाहेर पड, असं सांगावं लागतं. विसरलात तर चतुर्थी विचारल्यावर चतुर्थी, पंचमी, षष्ठी अशी अमावास्येपर्यंतची सगळी यादी कानावर येते. जावाच्या २०२० नंतरच्या आवृत्त्यांत ही खोड टाळणारी नवी पद्धत आहे, ती वापरावी. याहून जास्त वेळ मी स्विचला देणार नाही.

तिसरी वाट फेरीची. संगणकाची खरी ताकद इथे आहे. माणूस दहाव्या फेरीला कंटाळतो, संगणक कोटीव्या फेरीलाही कंटाळत नाही.

फेऱ्यांचे दोन मुख्य प्रकार. किती वेळा फिरायचं हे आधी ठाऊक असेल तर फॉर. पंधरा दिवसांचं भरतीचं वेळापत्रक हवं असेल तर तिथी एकपासून सुरू करायची, पंधरापर्यंत जायचं, दर फेरीला एकानं वाढवायची. किती वेळा ते ठाऊक नसेल, पण कधी थांबायचं ते ठाऊक असेल, तर व्हाइल. जाळं किनाऱ्याला लागत नाही तोवर ओढत राहा. रापण ओढणारी माणसं हात मोजत नाहीत, जाळ्याकडे बघतात. आणि जाळं आल्यावर जे होतं तो फेरीचा तिसरा, थोडा वेगळा प्रकार. मासळीचे वाटे पडतात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, आणि मग संघातल्या प्रत्येक माणसाचा. इथे आकडा मोजायची गरज नसते, यादीतला प्रत्येक जण एकदा यायला हवा आणि कोणी सुटायला नको. जावात याला 'फॉर इच' म्हणतात. ज्याला रापणीचा वाटा माहीत आहे त्याला फॉर इच समजावून सांगावं लागत नाही.

फॉरमध्ये एक हमखास खड्डा आहे. 'तिथी पंधरापर्यंत' याऐवजी 'तिथी पंधरापेक्षा लहान असेपर्यंत' असं लिहिलं, की फेरी चौदालाच संपते. एकच फेरी कमी. पण त्यातून सुटते ती नेमकी पौर्णिमा किंवा अमावास्या, म्हणजे उधाणाचा दिवस. वेळापत्रकात चौदा ओळी नीट छापलेल्या आणि ज्या दिवशी पाणी अंगणापर्यंत येतं तोच दिवस गायब. कुंपणाला दहा वाव लांबीत वावावावाला एक खांब रोवायचा तर खांब दहा नव्हे, अकरा लागतात. तशातलाच हा घोळ. जगभरचे अनुभवी प्रोग्रामर आजही त्यात सापडतात.

व्हाइलमधला खड्डा अधिक खोल. फेरी कधी संपणार हे अटीवर अवलंबून असतं, आणि फेरीच्या आत ती अट बदलायला हवी. ती बदललीच नाही तर फेरी अनंत. याचं एक प्रसिद्ध उदाहरण आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीचं झून नावाचं गाणी ऐकण्याचं छोटं यंत्र होतं. ३१ डिसेंबर २००८ या दिवशी त्याच्या तीस गिगाबाइटच्या प्रकारातली यंत्रं जगभर अचानक गोठली. बटणं दाबा, काही होईना. कारण काय, तर आजचं वर्ष कोणतं हे काढणारी एक फेरी. यंत्रात १९८० सालापासूनचे दिवस मोजलेले असत. फेरी अशी होती: शिल्लक दिवस ३६५ पेक्षा जास्त आहेत तोवर फिरत राहा. वर्ष लीप नसेल, तर ३६५ वजा कर आणि वर्ष एकानं वाढव. वर्ष लीप असेल, तर शिल्लक दिवस ३६६ पेक्षा जास्त आहेत का ते बघ. असतील तर ३६६ वजा कर आणि वर्ष वाढव.

ऐकायला ठीक वाटतं ना? आता २००८ हे लीप वर्ष आणि ३१ डिसेंबर हा त्याचा ३६६ वा दिवस. शिल्लक दिवस बरोबर ३६६. ते ३६५ पेक्षा जास्त आहेत, म्हणून फेरीत शिरा. वर्ष लीप आहे, म्हणून त्या फाट्यावर जा. ३६६ पेक्षा जास्त आहेत का? नाहीत. मग? मग काहीच लिहिलेलं नाही. आतल्या इफला एल्स नव्हता. काहीही वजा न होता यंत्र पुन्हा फेरीच्या तोंडाशी आलं, शिल्लक तेवढीच, पुन्हा आत, पुन्हा बाहेर. दुसऱ्या दिवशी दिवसांचा आकडा ३६७ झाल्यावर प्रश्न आपोआप सुटणार होता. कंपनीनंही तोच सल्ला दिला, बॅटरी पूर्ण उतरू द्या आणि उद्या चालू करा.

न लिहिलेला एल्स. मला वाटतं, प्रोग्रामिंगमधल्या निम्म्या दुखण्यांचं मूळ इथे आहे. आपण बोलतो तेव्हा 'नाहीतर' पुष्कळदा मनातच ठेवतो, कारण समोरचा माणूस ते स्वतः भरून घेतो. आपल्या पाऊणपटीतही असे न बोललेले 'नाहीतर' दडलेले आहेत. पंचांगात पौर्णिमेचा आकडा पंधरा, पण अमावास्येपुढे तीस लिहितात. तिसाची पाऊणपट साडेबावीस. कुठलाही मच्छीमार 'भरती साडेबावीस वाजता' म्हणणार नाही. अमावास्या पंधराच धरायची हे त्याला कोणी सांगावं लागत नाही. संगणकाला सांगावं लागतं: तिथी पंधरापेक्षा मोठी असेल तर पंधरा वजा कर. दुसरं, रोज सकाळी तिथी एकानं वाढवत गेलं की झालं, असं समजून फेरी लिहिली तर तीही फसते. तिथी कधी एकोणीस-वीस तासांची असते, कधी सव्वीस तासांची. सूर्योदयाला जी तिथी ती त्या दिवसाची. त्यामुळे एखादी तिथी दोन सूर्योदय पाहते, तिची वृद्धी. आणि एखादी एकही सूर्योदय पाहत नाही, तिचा क्षय. झूनला जसा ३६६ वा दिवस, तशी आपल्या फेरीला ही क्षयतिथी.

प्रोग्रामच्या वाटा इतक्या शिस्तीच्या पूर्वी नव्हत्या. जुन्या भाषांत 'गो टू' नावाची सूचना सर्रास चाले. अमुक ओळीवर उडी मार, तिथून तमुक ओळीवर. मोठा प्रोग्राम वाचताना गुंतलेलं जाळं सोडवत बसल्यासारखं होई. १९६६ साली कोराडो बोम आणि जुझेप्पे जाकोपिनी या दोन इटालियन संशोधकांनी दाखवून दिलं की सरळ वाट, फाटा आणि फेरी या तिघांतून हवं ते गणन बांधता येतं, उड्यांची गरज नाही. १९६८ साली डच संगणकशास्त्रज्ञ एड्सखर डाइकस्ट्रा यांचं 'गो टू'विरुद्धचं पत्र प्रसिद्ध झालं आणि बराच वाद माजला. जावानं त्यातून गमतीदार धडा घेतला. 'गो टू' हा शब्द तिनं राखून ठेवला आहे, कोणी तो नाव म्हणूनही वापरू नये म्हणून. पण त्याला काम काहीच दिलेलं नाही.

आता चौथी वाट, जिच्यामुळे जावाला ऑब्जेक्ट ओरिएंटेड, म्हणजे वस्तूंच्या भोवती रचलेली भाषा म्हणतात. इथे दशावतार आठवा. आमच्याकडे जत्रेच्या रात्री दशावतारी नाटक होतं. लिहिलेली संहिता नसते. आधी गणपती, रिद्धीसिद्धी, सरस्वती, संकासुर असा आडदशावताराचा ठरलेला क्रम, मग आख्यान. सूत्रधार पात्राला रंगावर बोलावतो. पात्र येतं, आपलं बोलणं, आपलं नाचणं आपल्या पद्धतीनं करतं आणि जातं. सूत्र पुन्हा सूत्रधाराच्या हाती येतं. संकासुरानं काय बोलायचं हे सूत्रधार सांगत नाही. ते संकासुराला ठाऊक असतं. जावात एका वस्तूचं काम, म्हणजे मेथड, बोलावली की अगदी हेच घडतं. वाट त्या वस्तूत शिरते, काम पुरं होतं, आणि जिथून बोलावलं तिथेच परत येते.

त्याचा फायदा असा. मासेमारी बंदीचा नियम पुन्हा घ्या. ती यांत्रिक नौकांना लागू असते, बिगरयांत्रिक पारंपरिक होड्यांना त्यातून सूट. साध्या पद्धतीनं लिहायचं तर प्रोग्राममध्ये जिथे जिथे होडीचा संबंध येईल तिथे तिथे फाटा लागेल: यांत्रिक असेल तर असं, बिगरयांत्रिक असेल तर तसं. उद्या तिसरा प्रकार आला की सगळे फाटे शोधून दुरुस्त करा, आणि एखादा राहिलाच. वस्तूंच्या पद्धतीत प्रत्येक प्रकारची होडी आपलं उत्तर आपल्याजवळ ठेवते. प्रोग्राम फक्त विचारतो, 'आज जाऊ शकतेस?' यांत्रिक नौका तारीख तपासून उत्तर देते, पारंपरिक होडी आपल्या पद्धतीनं देते. फाटा नाहीसा होत नाही हं, तो फक्त योग्य जागी जातो. ही कल्पना नॉर्वेतल्या ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगोर या दोघांची, १९६७ च्या सिम्युला भाषेतली. पुलावरचा टोलनाका आणि तिथे लागलेली ट्रक-बसची रांग, हे त्यांच्यासमोरचं एक उदाहरण होतं.

आता आपला भरतीचा प्रोग्राम पुरा करू. 'बंदर' नावाचा एक साचा करायचा, जावात त्याला क्लास म्हणतात. त्यात दोन गोष्टी: बंदराचं नाव, आणि मुंबईच्या मानानं तिथे भरती किती मिनिटं आधी येते तो फरक. आपल्या किनाऱ्यावर भरतीची वेळ दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत जाते, म्हणून मालवण-वेंगुर्ल्याला ती मुंबईच्या आधी येते. पाऊणपट मुंबईसाठी धरली तर बाकी बंदरांना हा फरक वजा करायचा. साचा एक, आणि त्यातून मुंबई, रत्नागिरी, देवगड, मालवण अशा वस्तू हव्या तितक्या.

पण पाऊणपट लिहितानाच दोन गमती होतात. पहिली जावाची. पूर्णांकांच्या भागाकारात ती अपूर्णांक टाकून देते, म्हणून तीन भागिले चार म्हणजे तिच्या लेखी शून्य, आणि सगळ्या तिथींना भरती शून्य वाजता. मिनिटांत हिशेब केला की हा प्रश्न सुटतो. दुसरी गंमत ठोकताळ्याचीच. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, आणि दुसऱ्या दिवशी प्रतिपदेला पाऊण. एका दिवसात दीड तासाची उडी, आणि समुद्र अशी उडी मारत नाही. पंधरा तिथींत भरतीची वेळ बारा तास सरकायला हवी, म्हणजे ७२० मिनिटं. पंधरानं भागा. ४८ मिनिटं येतात, पंचेचाळीस नव्हे. ४८ मिनिटं म्हणजे बरोबर दोन घटका. पाऊणपट ही तोंडी हिशेबाची सोय आहे; पंधरवड्याच्या शेवटी पडणारा पाऊण तासाचा फरक माणूस पाण्याकडे बघून भरून काढतो. प्रोग्रामला ४८ नं गुणायला काहीच कष्ट नाहीत, तेव्हा तिथे ४८ च लिहावं.

त्यानंतरही एक फाटा उरतो. प्रतिपदेचे ४८ मिनिटं, त्यातून समजा मालवणसाठी साठ वजा केले. उत्तर उणे बारा. बारा वाजायला बारा मिनिटं कमी, हे आपल्याला लगेच कळतं. जावा मात्र 'उणे बारा' छापून मोकळी होईल. म्हणून: उत्तर शून्यापेक्षा लहान असेल तर ७२० मिळव.

हे सगळं धरूनही जे वेळापत्रक येईल ते ढोबळच. उधाणाच्या दिवसांत भरती रोज थोडी कमी सरकते, भांगाच्या दिवसांत जास्त. नौका घेऊन जाणाऱ्यानं भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टकंच वापरावीत, आमचा प्रोग्राम नव्हे. तो आहे वाटा समजून घेण्यासाठी.

मालवणसाठी साठ मिनिटं हा आकडा मी 'समजा' म्हणून घेतला, हे तुमच्या लक्षात आलं असेल. ज्या मुलांना हा प्रोग्राम लिहून पाहायचा असेल त्यांनी तो स्वतः काढावा. धक्क्याच्या पायऱ्यांवर खडूनं खुणा करायच्या, दर दहा मिनिटांनी पाणी कुठवर आलं ते वहीत लिहायचं, आणि ते चढायचं थांबून उतरायला लागलं की वेळ टिपायची. एका दिवसावर भागणार नाही, निदान एक पंधरवडा हवा. वेंगुर्ल्याच्या मुलांनी वेंगुर्ल्याला करावं, देवगडच्यांनी देवगडला, आणि आकडे एकमेकांना कळवावेत. पाणी चढतंय तोवर लिहीत राहा, हा व्हाइल आहेच.